एका हाताचं विणकाम

कोल्हारमध्ये पुंजाराम सुताराने कुणाचं काम अर्धवट ठेवलं, असं कधी झालं नाही. पेरणीच्या तोंडावर तिफण मोडली की शेतकरी तांबडं फुटायला त्याच्या दारात उभा राहायचा आणि न्याहारीपर्यंत तिफण पुन्हा वावरात जायची. लोकांच्या दारांना चौकटी, लोकांच्या पोरींच्या लग्नात चौरंग, लोकांच्या म्हाताऱ्यांना काठ्या, सगळं वेळेवर. अर्धवट राहायचं ते फक्त त्याच्या स्वतःच्या घरातलं. देव्हाऱ्याला दार नव्हतं. भांड्यांच्या मांडणीला खालची फळी नव्हती. जेवायच्या एका पाटाखाली पट्टी एकाच बाजूला होती, त्यामुळे त्यावर बसलेला पाहुणा जेवता जेवता हळूहळू आमटीकडे सरकायचा.

"आपल्या घरी देवसुदिक उघड्यावर झोपत्यात," त्याची बायको भागिरथी म्हणायची.

"देवाला कशाला दार? त्यो काय पळून चाललाय?" पुंजाराम म्हणायचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दाराला रंधा मारायला लागायचा.

या सगळ्या अपुऱ्या कामांत मानाची जागा पाळण्याची होती. भागिरथीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा पुंजारामने तो मोठ्या हौसेने करायला घेतला. सागाचा, कातीव दांड्यांचा. पण मूल जन्माला यायच्या आधी रिकामा पाळणा पुरा करून ठेवू नये, अशी घरातल्या म्हाताऱ्यांची समजूत, म्हणून त्याने चौथी बाजू मुद्दाम मागे ठेवली. मग पुष्पावती जन्मली ती ऐन मृगाच्या तोंडावर. औतांची झुंबड उडालेली. पोरगी आईच्या लुगड्याच्या झोळीत झोपली, झोळीतून उतरून चालायला लागली, शाळेत गेली आणि लग्न होऊन पुणतांब्याला नांदायलाही गेली. पाळणा माळ्यावर तीन बाजूंचाच राहिला. चौथ्या बाजूची सागाची फळी मात्र पुंजारामने जिवापाड जपली. कुणी मागितली तर म्हणायचा, "ती पाळण्याची हाय," जसं काही काम उद्याच सुरू होणार होतं.

भागिरथी त्याला बोलायला मोकळी होती, पण तिचीही पत्र्याची पेटी काही रिकामी नव्हती. चीनच्या लढाईत जवानांसाठी लोकरीचे कपडे विणायला ग्रामसेविकेने गावातल्या बायकांना शिकवलं होतं. लढाई संपली आणि बाकीच्या बायकांच्या सुया परकराच्या नाड्या ओवायच्या कामी लागल्या. भागिरथीच्या हातात मात्र त्या बसल्या त्या बसल्याच. पुढे आळीतलं एकही तान्हं थंडीत तिच्या टोपीशिवाय उंबऱ्याबाहेर आलं नाही. घरातलं तेवढं मागे पडायचं. नवऱ्यासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची नुसती पाठ विणून झाली होती.

"पाठ झाली, पोट ऱ्हायलंय," ती सांगायची.

"चालंल. मी वाऱ्याकडं पाठ करून बसत जाईन."

असं त्या दोघांचं चाललं होतं. एकमेकांची शिल्लक कामं एकमेकांना दाखवायची आणि हसायचं. कामं पुरी करायला जन्म पडलाय, अशी दोघांचीही खात्री होती.

एकाहत्तर सालच्या भाद्रपदात भागिरथी सकाळी भाकरी थापत होती. थापता थापता भाकरी तिच्या हातातून घसरून चुलीपुढे पडली, आणि ती त्या भाकरीकडे बघत तशीच बसून राहिली. शेजारची बनाबाई विस्तव मागायला आली तेव्हा तिला हे दिसलं आणि तिने पुंजारामला हाक मारली. तो लाकूड तासायचा वाकस हातात घेऊनच आत आला. भागिरथी त्याला काहीतरी सांगत होती, पण शब्द तोंडातच सांडत होते.

डॉक्टरांनी उजवी बाजू गेल्याचं सांगितलं. बनाबाईने कुठल्याशा तेलाचं नाव काढलं, आणखी कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. सगळं झालं. नवरात्राच्या सुमारास जीभ परतली, आणि पुंजारामच्या मते आधीपेक्षा धार लावून परतली. मग पाय आला, भिंतीला धरून परसापर्यंत जाण्याइतका. हात आला नाही.

पुंजाराम तिच्या उशाशी बसून तो हात उचलून बघायचा. खांदा, कोपर, मनगट, सगळे सांधे जागच्या जागी होते. कुठे काही निखळलेलं नव्हतं, तडकलेलं नव्हतं. तरी हात हलत नव्हता. असलं मोडणं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो हात पुन्हा तिच्या मांडीवर ठेवायचा आणि पडवीत जाऊन उगीचच लाकडाचे ढलपे गोळा करायचा.

अशात पुष्पावती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पौषात मोकळी होणार होती. पहिलं बाळंतपण म्हणजे बाळंतविडा आला, आणि तो करायचा आजीने. झबली, दुपटी, कुंची बनाबाईने शिवून दिली. पण भागिरथीच्या पेटीत एक पिवळ्या लोकरीचं इवलंसं स्वेटर होतं. लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी तिने ते विणायला घेतलं होतं. त्याची पाठ झाली होती, पुढची बाजूही झाली होती. पहिली बाही सुईवर दोन बोटं चढली होती, तेवढ्यात ती भाकरी पडली.

"आन इकडं, मी दोन्ही बाह्या विणून टाकते. कितीकसं काम हाय," बनाबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," भागिरथी म्हणाली.

"अगं, पोर काय बाह्या येईस्तोवर थांबनार हाय का?"

"ऱ्हाऊ दे म्हनते ना."

तिने ते पिवळं विणकाम उशाखाली ठेवून दिलं. दिवसातून केव्हातरी ती ते बाहेर काढायची, डाव्या हाताने मांडीवर पसरायची, टाक्यांवरून बोट फिरवायची आणि पुन्हा आत सारायची. भाकरी तिला कुस्करून भरवावी लागत होती, वेणी पुष्पावती घालून देत होती. त्या सगळ्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. पण एकदा वेणी घालून घेताना ती भिंतीकडे बघत म्हणाली, "पुष्पे, तुझ्या लेकराला आज्जी काय देनार? आशीर्वाद? त्यो तर रस्त्यानं जाणारा बी देतो."

पडवीत बसलेल्या पुंजारामने हे ऐकलं. त्याने त्याचा अर्थ लावला तो असा, की बनाबाई परकी म्हणून बायकोने तिला नाही म्हटलं. आपण काही परके नाही. दुसऱ्या दिवशी भागिरथीचा दुपारचा डोळा लागल्यावर त्याने उशाखालून विणकाम काढलं, तिने विचारलं तर पुष्पावतीने ते पेटीत ठेवलंय असं सांगायचं ठरवलं आणि बनाबाईकडे जाऊन विणायचं शिकून घेतलं. सुलट कसं, उलट कसं, एवढंच. पुढचं त्याला विचारायची गरज वाटली नाही. ज्याने बैलगाडीचं चाक केलं त्याला वीतभर बाही काय जड.

तो रोज दुपारी पडवीचं फाटक लोटून, लाकडांच्या ढिगामागे बसून विणायला लागला. फाटकाला कडी नव्हती, कारण ते त्याच्या स्वतःच्या घराचं होतं. त्यामुळे कारभारी तांबे सरळ आत आला. कारभारी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्याकडे रबरी चाकांची गाडी आली तेव्हापासून त्याचं सुताराकडे काम उरलं नव्हतं, पण तंबाखू मळायला तो रोज येत होता.

"हे काय रं?" कारभारी म्हणाला.

"गप बस. ती झोपलीय."

कारभारी ओंडक्यावर बसला. "पुंजा, सुईला घाम आलाय," तो म्हणाला.

"टाका घट्ट पाहिजे. सैल सांधा टिकत न्हाई."

"लेकराचं हाय ना? का बैलगाडीचं?"

"तू तंबाखू मळ."

टाके इतके घट्ट बसत होते की सुई निघेना. तेव्हा पुंजाराम पकड लावून ती ओढायचा. आणि बाही त्याने लागणाऱ्या मापापेक्षा दोन बोटं रुंद आणि दोन बोटं लांब धरली. जन्मभर त्याने हेच केलं होतं. लाकूड मापापेक्षा जास्त कापायचं, मग रंधा मारून बरोबर आणायचं. कमी पडलं तर कुठून आणणार? लोकरीला रंधा मारता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा बाही पुरी झाली होती. ती जमिनीवर ठेवली तर उभी राहत होती.

तरी त्याने ती भागिरथीपुढे नेली. ती उन्हात बाजेवर बसली होती. पुष्पावती पलीकडे तांदूळ निवडत होती.

"हे बघ," पुंजाराम म्हणाला. "एक बाजू झाली."

भागिरथीने बाही डाव्या हातात घेतली. उलटी करून बघितली, आत बोट घालायचा प्रयत्न केला.

"हे काय हाय?"

"बाही."

"कुनाची? मारुतीची?"

पुष्पावती फसकन हसली, पुंजारामही हसला. भागिरथी हसली नाही. तिने बाही मांडीवर ठेवली. 

"हे तुमी का केलं?"

"अगं, तुझं काम अडलं हुतं म्हनून."

"माझं हुतं ना? मग अडू द्यायचं." ती दम घेत बोलत होती. "तुमी भाकर भरविता, मी खाते. पुष्पी न्हाऊ घालती, मी न्हाते. एवढं एक उशाखाली ठिवलं हुतं. मला वाटायचं, हात आला तर इथनंच पुढं लावीन. आता कुठनं लावू?"

जन्मात त्याने वेळेवर पुरं केलेलं घरातलं हे पहिलं काम होतं.

त्या दिवशी ती त्याच्या हातून जेवली नाही. संध्याकाळी पुष्पावतीच्या हातून दोन घास खाल्ले. दुसऱ्या सकाळी मात्र तिने स्वतःच त्याला बोलावलं. बाही तिच्या पुढ्यात होती. "टोक सोडवून द्या," ती म्हणाली. "मी उसवते. तुमी गुंडाळा."

ती डाव्या हाताने धागा ओढायला लागली आणि पुंजाराम समोर बसून त्याचा गुंडा करायला लागला. त्याची सगळ्या दुपारींची मेहनत सरसर करत त्याच्याच हातात परत येत होती. उसवत उसवत ती आपल्या स्वतःच्या टाक्यांपाशी आली, भाद्रपदातल्या. तिथे ती थांबली. मोकळे झालेले टाके निसटू नयेत म्हणून तिने एक सुई त्या निर्जीव उजव्या काखेत खोचली, टोक पुढे काढलं आणि डाव्या हाताने एकेक टाका त्या सुईवर उचलून ठेवायला लागली. चार-पाच टाके ठेवले की काख ढिली पडायची, सुई घसरायची. ती पुन्हा खोचायची.

पुंजारामच्या हातातला गुंडा तसाच राहिला. भागिरथीचा डावा हात काय करतोय ते तो बघत होता. त्या हाताला सगळं येत होतं. फक्त समोरची सुई कुणीतरी हलू न देता धरायला हवी होती, आणि एखादी वस्तू हलू न देता धरणे हा तर त्याचा धंदा होता.

तो उठला आणि पडवीत गेला. पहिला खुंटा त्याने बाभळीचा केला. बाजेच्या कडेला बसवायचा, वर गिरमिटाने भोक, भोकात सुई. भागिरथीने दोन टाके घातले आणि लोकर बाभळीच्या कुसळाला अडकून तुटली. दुसरा लिंबाचा. तो गुळगुळीत होता, पण भोक सैल पडलं, सुई गरगर फिरायची. तिसऱ्याला त्याने बाजूने पाचर ठोकली. सुई घट्ट बसली, टाके पडायला लागले, एक ओळ पुरी झाली. पण ओळ संपली की सुया बदलायच्या असतात. घट्ट बसलेली सुई काढायची तर पाचर सोडवायला दुसरा हात पाहिजे.

"ओळ झाली की मला हाक मारत जा," पुंजाराम म्हणाला. "मी हितंच असतो."

भागिरथीने त्याच्याकडे बघितलं. "दर ओळीला?"

"मग काय झालं?"

"काही न्हाई झालं. हाक मारायची नसंल तर काय करायचं, ते सांगा."

पुंजारामने खुंटा काढून नेला. दिवसभर तो पडवीत बसून होता. कारभारी येऊन तंबाखू मळून गेला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. सुई धरून ठेवणारी आणि अंगठ्याने दाबली की सोडणारी खिट्टी हवी होती. इतकी बारीक खिट्टी बाभळीची तुटते, लिंबाची वाकते. त्याला रेषा सरळ असलेलं, जुनं, मुरलेलं लाकूड पाहिजे होतं. तसं घरात एकच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरून ती सागाची फळी खाली काढली. हात फिरवून धूळ पुसली. कारभारी म्हणाला, "पुंजा, ती पाळण्याची ना?"

"व्हय," पुंजाराम म्हणाला आणि करवत लावली.

चौथा खुंटा भागिरथीच्या अंगठ्याच्या मापाचा होता. ते माप घेताना त्याने तिचा अंगठा बऱ्याच वेळा खिट्टीवर ठेवून बघितला. कडा काचकागदाने अशा घासल्या, की लोकर त्यावरून घसरून जावी. लोकरीचा धागा ताणात राहावा म्हणून बाजूला एक बारीक खाच केली. भागिरथीने सुई आत सरकवली, खिट्टी लावली, दाबून सोडली, परत लावली.

"रंधायला सूट ठिवली न्हाई वाटतं," ती म्हणाली.

त्या उसवण्यानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच असं बोलली होती. पुंजारामने मान खाली घालून खुंटा बाजेला पक्का केला.

काम फार हळू चाललं. डाव्या हाताने सुई घालायची, ती तशीच सोडून धागा उचलायचा, वळसा द्यायचा, पुन्हा सुई धरून टाका ओढायचा. पूर्वी बोलता बोलता, चुलीकडे बघता बघता जे व्हायचं त्याला आता जीभ दातांत धरावी लागत होती. काही दिवशी एकच ओळ व्हायची. काही दिवशी टाका गळायचा आणि त्या ओळीतलं सगळं खाली उतरवावं लागायचं. एकदा तिने रागाने सुई अंगणात भिरकावली. पुंजारामने ती आणून दिली नाही. तिनेच भिंतीला धरत धरत जाऊन ती उचलली, आणि तो पडवीतून बघत राहिला, हातातला रंधा थांबवून.

पौषात पुष्पावतीला मुलगी झाली. थंडी अशी पडली होती की प्रवरेवरून येणारं वारं घोंगडी भेदून जात होतं. त्या वेळी एक बाही पुरी होती आणि दुसरीचा मनगटपट्टा नुकता झाला होता. पोर दुपट्यात गुंडाळली गेली आणि दुपट्यावर गोधडी आली. पाळण्याला चौथी बाजू पुंजारामने लिंबाची लावली. तीन बाजू काळसर सागाच्या आणि एक पांढरट. बारशाला पुणतांब्याहून विहीणबाई आल्या, त्यांनी पाळणा हलवायच्या आधी तो चारी बाजूंनी बघितला.

"व्याहीबुवा, लाकूड कमी पडलं जणू?"

"लाकूड हुतं," पुंजाराम म्हणाला. "दुसरीकडं लागलं."

"आन लोकरीचं काही दिसंना विड्यात. भागिरथीबाईंच्या टोप्या सगळ्या मुलखात, आन आमच्या नातीच्या डोस्क्याला सुती कुंची."

पुष्पावतीने खाली बघितलं. भागिरथी बाजेवर होती, पदराखाली खुंटा झाकलेला. तिने पदर बाजूला केला. "होतंय, विहीणबाई," ती म्हणाली. "ही नात कोल्हारातनं जायच्या आत होईल. न्हाई झालं तर मोठ्या मापाचं करीन. मी काय कुठं चालले न्हाई."

विहीणबाई त्या खुंट्याकडे, त्यातल्या सुईकडे आणि मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्या बाजेच्या कडेला येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दाखवा बघू कसं करता." भागिरथीने त्यांना एक टाका घालून दाखवला. विहीणबाईंनी नंतर पुरणपोळी जरा जास्तच वाखाणली.

पुष्पावतीला न्यायला जावई यायचे होते त्याच्या आदल्या सकाळी दुसरी बाही झाली. भागिरथीने शेवटचा टाका बंद केला, खिट्टी दाबली आणि सुई बाहेर काढली. पाठ, पुढची बाजू आणि दोन बाह्या, असे चार पिवळे तुकडे बाजेवर मांडले गेले. आता ते जोडायचे होते. जोडताना दोन कडा एकीवर एक धराव्या लागतात आणि सुई आरपार जावी लागते. खुंट्यात ते बसत नव्हतं. तिने दोन्ही गुडघ्यांत धरून बघितलं, कडा सरकत होत्या.

"आई, आन, मी जोडते," पुष्पावती म्हणाली.

"तू बाळंतीन हाएस. डोळ्यांना तान नगं."

"मग बनाकाकूला बोलावू?"

पडवीतून करवतीचा आवाज येत होता. "अवं," भागिरथीने हाक मारली. "इकडं या."

पुंजाराम आला. भुशाने भरलेले हात त्याने धोतराला पुसले, तरी ती म्हणाली, "धुऊन या." तो रांजणातलं पाणी घेऊन हात धुऊन आला आणि बाजेसमोर जमिनीवर बसला. तिने दोन तुकडे त्याच्या हातात दिले, बाही आणि खांदा.

"मला न्हाई जमायचं," तो म्हणाला. "मागं बघितलं ना तू."

"मागं इचारलं नव्हतं तुमी मला. आता मी सांगते तसं करा."

पुष्पावतीने लोकर ओवून दिली. त्याने कडा जुळवल्या, जशा तो फळ्यांच्या जुळवायचा, डोळ्यासमोर आडव्या धरून. "घट्ट घेऊ?"

"न्हाई. लेकराला हात वर करता आला पाहिजे."

त्याने पहिला टाका घातला. भागिरथी पुढे वाकली, डाव्या हाताचं बोट त्या टाक्यावर ठेवून तो जरासा ओढून बघितला. पाळण्यात पोर कुरबुरली, पुष्पावतीने एका हाताने दोरी ओढली. भागिरथीने ते बोट उचललं आणि पुढचा टाका जिथे यायचा त्या जागेवर नेऊन ठेवलं.